डोक्यावर कोणाचा तरी हात हवा

१६५१ सालचा उन्हाळा. रात्रीचे दहा वाजून गेलेले. पॅरिसहून आलेल्या तीन तरुणांनी ओर्लेआँच्या विद्यापीठाचं दार ठोठावलं. नोकराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आधी मुद्द्याचं विचारलं: पैसे आणलेत का? आणलेत म्हटल्यावर तो पंडितांना उठवायला गेला. तिघे पंडित डोळे चोळत आले. डोक्यावर झोपताना घालायची टोपी तशीच, आणि तिच्यावर चढवलेली विद्वानांची चौकोनी टोपी. एका मिणमिणत्या मेणबत्तीच्या उजेडात कायद्याची परीक्षा सुरू झाली. मुलांनी तोंडाला येईल ते सांगितलं. पाठीमागे त्यांनी आणलेली नाणी मोजणं चालू होतं. त्या खुळखुळाटामुळे आमची उत्तरं पंडितांना जरा जास्तच पटली असावीत, असं त्या तिघांपैकी एकाने म्हातारपणी आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. तिघेही वकील होऊन परतले.

आठवण लिहिणाऱ्याचं नाव शार्ल पेरो. सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी, झोपलेली राजकन्या, बूट घातलेलं मांजर आणि निळ्या दाढीचा नवरा या सगळ्यांना आज जगाला माहीत असलेलं रूप देणारा लेखक. त्याच्या नावावर गद्यातल्या आठ गोष्टी आहेत, आणि त्यांचं पुस्तक १६९७ साली निघालं तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. तोवरचं आयुष्य त्याने राजाच्या चाकरीत काढलं होतं. कोणत्या पदाची काय किंमत, कोणाच्या शब्दाला किती वजन, आणि शब्द टाकणारा माणूस गेला की काय होतं, हे त्याने फार जवळून पाहिलं होतं. त्याच्या गोष्टींत जादू दिसते ती परीच्या छडीची. पण गोष्टी लक्षपूर्वक वाचल्या तर त्या वशिल्याच्या गोष्टी आहेत.

पाच भावांचं घर

शार्लचा जन्म १२ जानेवारी १६२८चा, पॅरिसमधला. वडील वकील. घर खाऊनपिऊन सुखी, शिकलेलं, पण सरदार-दरकदारांचं नव्हे. शार्ल जुळा होता. दुसरं मूल सहा महिन्यांतच गेलं. मोठे भाऊ एकेका क्षेत्रात नाव काढणारे. जाँ वकील झाला. निकोला धर्मशास्त्री, चर्चला अमान्य असलेल्या यान्सेनवादी मतांपायी त्याला सोरबॉनमधून काढलं. क्लोद वैद्य, प्राण्यांची चिरफाड करणारा अभ्यासक आणि शिवाय वास्तुकारही. पिएरने पॅरिसच्या मुख्य करवसुली अधिकाऱ्याचं पद विकत घेतलं. पुढे त्याने झरे आणि नद्यांच्या उगमावर लिहिलेलं पुस्तक जलशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचं ठरलं.

पद विकत घेणं हे तेव्हाच्या फ्रान्समध्ये चोरून करायचं काम नव्हतं. न्यायालयातल्या, खजिन्यातल्या, सैन्यातल्या जागांना उघड भाव असे, आणि त्या विकून राजा तिजोरी भरत असे. पैसा असलेल्या मध्यमवर्गाला वर चढायची शिडी हीच होती.

शार्ल शाळेत हुशार, पण मास्तरांशी वाद घालून त्याने एका मित्राबरोबर शाळाच सोडली. मग दोघांनी तीन-चार वर्षं आपलं आपण वाचलं, उन्हाळ्यात लक्झेंबर्गच्या बागेत फिरत. ओर्लेआँच्या त्या रात्रीनंतर वकिलीत त्याचं मन रमलं नाही. १६५४ साली तो पिएरच्या वसुली कचेरीत कारकून म्हणून लागला. काम फारसं नव्हतं, हाताशी चांगला ग्रंथसंग्रह होता. तो कविता करू लागला, आणि त्या योग्य माणसांच्या नजरेस पडतील अशी काळजीही घेऊ लागला.

कोल्बेरचा माणूस

१६६३ साली ती नजर लाभली. चौदाव्या लुईचा मंत्री जाँ-बाप्तिस्त कोल्बेर याला राजाच्या कीर्तीचं खातं सांभाळणारी चार-पाच लेखणीबहाद्दर माणसं हवी होती. कवी शापलँ याने पेरोचं नाव सुचवलं. ‘छोटी अकादमी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मंडळाचा पेरो चिटणीस झाला. पदकांवर कोणतं चित्र यावं, कमानीवर कोणता मजकूर कोरावा, राजाच्या स्तुतीतल्या ग्रंथांत काय दुरुस्त करावं, कोणत्या लेखकाला राजाकडून मानधन द्यावं, हे तिथे ठरे. पुढे राजाच्या इमारतींचं कामही त्याच्याकडे आलं. वीस वर्षं तो कोल्बेरचा उजवा हात होता.

लूव्र राजवाड्याचा पूर्वेकडचा दर्शनी भाग बांधायचा होता. त्यासाठी १६६५ साली रोमहून थेट बेर्निनीला बोलावण्यात आलं. हा युरोपातला सर्वांत नावाजलेला शिल्पकार. पेरोने त्याच्या आराखड्यातल्या चुका काढून कोल्बेरला टिपण दिलं. एका कारकुनाने शंका काढाव्यात याचा बेर्निनीला भयंकर राग आला आणि तो नको ते बोलून बसला. पण तो रोमला परतल्यावर त्याचा आराखडा बाजूला पडला, आणि त्या जागी जी भव्य स्तंभांची रांग उभी राहिली तिच्या श्रेयात क्लोद पेरोचा मोठा वाटा मानला जातो. किती मोठा, यावर वास्तुकलेचे अभ्यासक अजून भांडतात. कारकून धाकटा भाऊ नसता, तर एका वैद्याचा आराखडा त्या टेबलापर्यंत पोहोचला असता का, हा प्रश्न तेव्हाही लोक कुजबुजत होतेच.

या वशिल्याचा एक फायदा पॅरिसकर आजही घेतात. तुइलरीची बाग नव्याने आखून झाल्यावर ती आता फक्त राजघराण्यासाठी ठेवावी, लोकांना बंद करावी, असं कोल्बेरच्या मनात आलं. पेरो त्याच्याबरोबर बागेत फेरी मारत होता. तो म्हणाला की इथे आजारातून उठलेले लोक हवा खायला येतात, व्यवहाराची, लग्नाची बोलणी इथे होतात, आणि देवळात न बोलता येण्याजोग्या गोष्टी लोक इथे बोलतात. कोल्बेरला वाटत होतं की इथे फक्त रिकामटेकडे येतात, आणि ते बागेची नासधूस करतील. पेरोने माळ्यांना हाक मारली. माळी म्हणाले, लोक काही तोडत नाहीत, येऊन फिरून जातात. बाग उघडी राहिली. आज त्याच बागेत पेरोचं स्मारक आहे आणि त्यावर बूट घातलेलं मांजरही आहे.

व्हर्सायच्या बागेत इसापाच्या गोष्टींचा भुलभुलय्या करावा ही सूचनाही त्याचीच. झाडांच्या भिंतींमधून वाट काढत जायचं, आणि दर वळणावर एका गोष्टीतल्या प्राण्यांचं कारंजं; अशी एकोणचाळीस कारंजी. प्राणी बोलतायत असं वाटावं म्हणून पाण्याची धार त्यांच्या तोंडातून निघे. अठराव्या शतकात तो मोडून टाकला. १६७१ साली पेरो फ्रेंच अकादमीत निवडून आला. स्वागताच्या वेळी त्याने केलेलं भाषण सभासदांना इतकं आवडलं की असे समारंभ लोकांसाठी खुले ठेवावेत असं त्याने सुचवलं आणि ते झालंही. सभासदांच्या निवडीसाठी गुप्त मतदान आलं तेही त्याच्याच खटपटीने. वशिल्याने वर आलेल्या माणसाने गुप्त मतदान आणावं, यात गंमत आहे. पण उघड हात वर करताना सगळे कोणाकडे बघतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

पाठीशी असलेला हात किती दूर पोहोचतो, याचा धडा मात्र त्याला नोकरी लागल्यावर वर्षभरातच मिळाला होता. राजाने मागच्या कित्येक वर्षांची थकलेली कर-बाकी माफ केली. प्रजेला आनंद झाला. त्या बाकीच्या भरवशावर उसनवारी करून बसलेला पिएर पेरो मात्र बुडाला. त्याने चालू वर्षाच्या वसुलीतून जुनी देणी भागवली होती. कोल्बेरने दया दाखवली नाही. शार्लने शब्द टाकून पाहिला, पण काही चाललं नाही. पिएरला पद विकून बाहेर पडावं लागलं.

हात निघाल्यावर

१६७२ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, पेरोने मारी गिशोँ या एकोणीस वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. सहा वर्षांत तीन मुलगे झाले आणि १६७८ साली मारी गेली. मुलं आईविना वाढली. त्या काळातल्या पुरुषांच्या मानाने बापाने त्यांच्याकडे बरंच लक्ष दिलं. १६८३ साली कोल्बेर वारला. कोल्बेरच्या जागी त्याचा वैरी लूव्वा आला, आणि पेरोचं इमारतींचं खातं गेलं, छोट्या अकादमीतली जागाही गेली. पंचावन्नाव्या वर्षी तो घरी बसला. मुलांच्या शाळा जवळ पडाव्यात म्हणून सँ-जाक वस्तीतल्या आपल्या घरात राहायला गेला.

रिकाम्या हातांनी त्याने एक मोठं भांडण उभं केलं. १६८६च्या अखेरीस राजावर शस्त्रक्रिया झाली होती. तो बरा झाल्याच्या आनंदात २७ जानेवारी १६८७ रोजी अकादमीची बैठक भरली, आणि तिथे पेरोची ‘थोर लुईचं शतक’ ही कविता वाचली गेली. मतितार्थ असा की ग्रीक आणि रोमन थोर होते, पण तीही माणसंच होती. त्यांच्यापुढे गुडघे टेकायची गरज नाही, आपलं शतक त्यांच्यापेक्षा कमी नाही. होमर या काळात जन्मला असता तर आणखी चांगला लिहिता, असंही सूचन होतं. कवी बोआलो जागेवरून उठला आणि ही अकादमीची बेअब्रू आहे म्हणून गरजला. शेजारच्यांनी त्याला गप्प बसवलं. नाटककार रासीनने पेरोचं अभिनंदन केलं, असं समजून की हा विनोद आहे. पेरोला ते जास्त झोंबलं. पुढची दहा वर्षं त्याने प्राचीन आणि आधुनिक यांच्या तुलनेचे चार खंड लिहून काढले. बोआलोने स्त्रियांवर विखारी काव्य लिहिलं, तेव्हा पेरोने स्त्रियांची बाजू मांडणारं काव्य लिहून उत्तर दिलं.

त्याच्या परीकथा या भांडणातूनच उगवल्या. आपल्याकडे इसाप आणि ओव्हिडच्या तोडीचं काही आहे का, असा प्रश्न उभा होता. पेरोचं उत्तर होतं: आहे, आपल्या दाया आणि आज्या शेगडीजवळ बसून पोरांना जे सांगतात ते. त्या गोष्टींत ग्रीकांच्या गोष्टींपेक्षा चांगली शिकवण आहे, असं त्याने आपल्या पद्यकथांच्या प्रस्तावनेत ठासून मांडलं. नव्याचा कैवार घेणारा हा माणूस पुराव्यादाखल जे पुढे करत होता, ते लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या चालत आलेलं होतं.

पॅरिसच्या दिवाणखान्यांत तेव्हा परीकथा सांगायची लाटच होती, आणि ती बायकांनी आणली होती. मादाम दोल्नुआने १६९० साली आपल्या कादंबरीत पहिली परीकथा घातली. पेरोच्या नात्यातली मादमोआझेल लेरित्ये हीसुद्धा लिहीत होती. या बायकांच्या परीकथा लांब, अलंकारिक, प्रेमाच्या कोड्यांनी भरलेल्या. पेरोने आधी पद्यात तीन गोष्टी रचल्या. मग तो गद्याकडे वळला आणि त्याने जे काटछाट करून दाखवलं, त्यामुळे त्याच्या गोष्टी उरल्या.

त्या गद्यकथांचं १६९५ सालचं एक हस्तलिखित आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. लाल चामड्याच्या बांधणीवर राजाच्या पुतणीचं राजचिन्ह. पहिल्या पानावरच्या चित्रात एक म्हातारी चाती घेऊन सूत काढता काढता गोष्ट सांगतेय, तिच्यासमोर चांगल्या कपड्यांतली तीन मुलं आहेत, चुलीजवळ मांजर आहे, आणि दारावरच्या पाटीवर लिहिलंय: ‘माझ्या हंसआईच्या गोष्टी’. आत लाल टोपीवालीच्या गोष्टीत लांडगा तिला खाणार म्हणतो, तिथे समासात एक टीप आहे: हे शब्द मोठ्या आवाजात म्हणावेत, म्हणजे लांडगा आता खाणारच असं पोराला वाटून ते घाबरेल. घरात गोष्ट कशी सांगतात, त्याचा इतका नेमका पुरावा दुसरा सापडणार नाही.

गोष्टींचा शेवट कसा होतो

पेरोची सिंड्रेला वाचताना छडीकडे बघू नये, छडी धरणाऱ्या हाताकडे बघावं. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाला मदत करतं ते आईच्या थडग्यावरचं झाड. पेरोच्या सिंड्रेलाला एक धर्ममाता आहे, म्हणजे बारशाच्या वेळी पाठीशी उभी राहिलेली वजनदार बाई, आणि ती परी आहे. ती भोपळा कोरते, गाडी होते. सहा उंदीर, घोडे होतात. गाडीवान कोण करावा? सापळ्यात तीन घुशी सापडल्यात. तिघींपैकी जिची मिशी झुपकेदार तिला निवडलं जातं. पाण्याच्या झारीमागच्या सहा सरडे-पालींचे सहा नोकर होतात आणि गाडीच्या मागे असे चढतात, जणू जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नाही. राजदरबारातल्या नेमणुका वीस वर्षं पाहिलेल्या माणसाच्याच हे लक्षात येतं.

दर गोष्टीखाली पेरोने पद्यात शिकवण जोडली आहे. सिंड्रेलाखाली दोन आहेत. पहिली: रूपापेक्षा गोड स्वभाव मोठा. दुसरी मुलांच्या पुस्तकांत सहसा नसते. बुद्धी, धैर्य, घराणं, शहाणपण या देणग्या असल्या तर उत्तमच. पण त्यांचं चीज करायला एखादी धर्ममाता नाहीतर धर्मपिता नसेल, तर पुढे जाता येत नाही, असा तिचा आशय आहे. मराठी राजकारणात आणि सिनेमासृष्टीत ‘गॉडफादर हवा’ म्हणतात, तेच.

आता शेवट बघा. सिंड्रेला राणी झाल्यावर छळणाऱ्या बहिणींना राजवाड्यात आणते आणि त्याच दिवशी दोन मोठ्या सरदारांशी त्यांची लग्नं लावून देते. निळ्या दाढीची बायको वाचते, तेव्हा नवऱ्याच्या संपत्तीतून बहिणीचं लग्न करते आणि दोन भावांसाठी सैन्यातल्या कप्तानाच्या जागा विकत घेते. अंगठ्याएवढा पोरगा राक्षसाचे सात कोसांचे बूट घालून राजाचा जासूद होतो, पैसा कमावतो, आणि बापासाठी, भावांसाठी नव्याने निघालेली सरकारी पदं विकत घेतो. बूट घातलेलं मांजर मालकाचं खोटं नाव, खोटी जमीन, खोटी इभ्रत उभी करतं. शेतात कापणी करणाऱ्यांना दम देतं की ही जमीन काराबाच्या मार्किसची आहे असं सांगा, नाहीतर तुमचा खिमा होईल. शेवटी मांजरही सरदार होतं आणि उंदीर मारतं ते फक्त करमणुकीसाठी. ‘सुखाने नांदू लागले’ यावर पेरोचा विश्वास नाही. तो सुखाची व्यवस्था लावून देतो: कोणाची लग्नं झाली, कोणाच्या जागा लागल्या, पैसे कुठून आले.

झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीतही दरबार सुटत नाही. राजपुत्र तिला उठवतो तेव्हा तिच्या अंगावर आजीच्या काळचा उंच गळपट्टीचा पोशाख असतो. त्याच्या हे लक्षात येतं, पण तो बोलत नाही. मग दोघं आरशांच्या महालात जेवतात. व्हर्सायचा आरसेमहाल तेव्हा नुकताच बांधून झाला होता. आणि गोष्ट तिथे संपत नाही. सासू राक्षसीण निघते, तिला नातवंडं खायची असतात, तीही साध्या पद्धतीने नको, रॉबेर सॉस लावून. स्वयंपाक्याला दिलेल्या सूचनेत सॉसचं नाव येतं, म्हणून ती जास्त भयंकर वाटते.

अंगठ्याएवढ्या पोराची गोष्ट दुष्काळात सुरू होते: लाकूडतोड्या आणि त्याची बायको सात पोरांना रानात सोडून येतात, कारण त्यांना डोळ्यांदेखत उपाशी मरताना बघवणार नाही. ते परततात, तर गावच्या जमीनदाराने फार दिवस थकवलेले दहा एक्यू त्यांना पाठवलेले असतात. हे लिहिलं गेलं त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, १६९३-९४ साली, फ्रान्समध्ये पिकं बुडून दहा लाखांहून अधिक माणसं मेली होती. देशाची वस्ती तेव्हा सुमारे दोन कोटींची. वाचकांना ‘फार वर्षांपूर्वी’ म्हणजे कधी हे सांगावं लागत नव्हतं.

या आठ गोष्टींत पाठीशी कोणीच नसलेली मुलगी एकच: लाल टोपीवाली. तिला धर्ममाता नाही, परी नाही, चतुर मांजर नाही. रानात लाकूडतोडे जवळपास आहेत तोवर लांडगा तिला हात लावत नाही. घरात कोणी नसतं तेव्हा खातो. तिथेच गोष्ट संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या पुस्तकात आहे. पेरो वाचकाला सांगतो की सगळ्यांत घातक लांडगे गोडबोले असतात आणि ते तरुण मुलींच्या मागे थेट घरापर्यंत येतात.

मुलाच्या नावाने

१६९७च्या जानेवारीत क्लोद बार्बँच्या दुकानात आलेल्या पुस्तकावर शार्ल पेरोचं नाव नव्हतं. राजाच्या त्याच पुतणीला, म्हणजे राजकन्येला, लिहिलेली अर्पणपत्रिका पी. दार्मांकूर याच्या सहीची होती. हा पेरोचा धाकटा मुलगा पिएर, वय अठरा-एकोणीस. अकादमीतल्या वडीलधाऱ्या विद्वानाने पोरांच्या गोष्टी लिहाव्यात हे शोभत नव्हतं, आणि बोआलोच्या हाती कोलीत द्यायचं नव्हतं. शिवाय मुलाला राजकन्येच्या पदरी जागा मिळावी, हाही हेतू असावा असं अभ्यासक मानतात. मुलाचा हात काही गोष्टींना लागला असेलही. पण बांधणी आणि मिश्किलपणा बापाचा, यावर आज बहुतेकांचं एकमत आहे. थोडक्यात, परीकथांचं पुस्तक हीच एक शिफारस होती.

ती फुकट गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिएरने शेजारच्या एका विधवेच्या मुलाला भांडणात तलवारीने मारलं. बापाने त्या आईला दोन हजारांहून अधिक लिव्र भरपाई दिली. पिएर पुढे सैन्यात गेला आणि १७०० साली मेला. तिथे ना धर्ममाता उपयोगी पडली, ना सात कोसांचे बूट. शार्ल पेरो १६ मे १७०३ रोजी वारला. शेवटच्या वर्षांत त्याने मुलांसाठी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत कोल्बेर आहे, लूव्र आहे, ओर्लेआँची मेणबत्ती आहे.

गोष्टींचं नशीब मात्र उघडलं. १७२९ साली त्या इंग्रजीत गेल्या. ग्रिम बंधूंना १८१२च्या पहिल्या खंडासाठी गोष्टी सांगणाऱ्यांत मूळ फ्रेंच घराण्यातल्या मुली होत्या. बूट घातलेलं मांजर आणि निळी दाढी फारच फ्रेंच वाटल्या म्हणून दुसऱ्या आवृत्तीतून काढाव्या लागल्या. १८६२ साली गुस्ताव्ह दोरेने काढलेल्या चित्रांनी लांडग्याचा चेहरा कायमचा ठरवून टाकला. १८९० साली झोपलेल्या राजकन्येवरचा चायकोव्हस्कीचा बॅले आला, १९५० साली डिस्नेची सिंड्रेला. भोपळ्याची गाडी आणि काचेचा बूट तिथे पेरोचेच आहेत.

दख्खनमध्येही या गोष्टींची भावंडं आहेत. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रेअर हिने १८६८ साली दख्खनच्या जुन्या गोष्टींचं पुस्तक काढलं. त्यातल्या सूर्याबाईला दाराशी राक्षसाचं नख लागतं आणि ती मेल्यासारखी पडते; नख काढल्यावर जागी होते. सोदेवाबाईचा पायातला जोडा डोंगरावरून खाली पडतो, तो राजपुत्राच्या हाती लागतो, आणि ज्या पायातला तो जोडा तीच बायको करायची असं तो ठरवतो. पेरोने हे वाचलेलं नव्हतं आणि सांगणारीने पेरोला वाचलेलं नव्हतं. पण त्या पुस्तकात एक गोष्ट पेरोपेक्षा वेगळी आहे: सांगणारीचं नाव. ॲना लिबेराता डिसूझा ही फ्रेअर कुटुंबाकडची आया. तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला तिची स्वतःची हकीकतही छापली गेली. पेरोच्या चित्रातल्या म्हातारीला पाटी मिळाली, नाव मिळालं नाही.

म्हणून पेरो मुलांना वाचून दाखवताना पूर्ण दाखवावा: सॉस, घुशीची मिशी, विकत घेतलेल्या जागा, आणि सिंड्रेलाखालची ती दुसरी शिकवण. गाळलेल्या आवृत्तीत मुलगी चांगली वागली म्हणून राणी होते. मूळ पुस्तकात ती चांगली वागते आणि शिवाय तिची ओळख असते. पहिली गोष्ट ऐकून मूल शांत झोपेल. दुसरी ऐकल्यावर ते विचारेल, ज्यांना धर्ममाता नाही त्यांचं काय? पेरोने याचं उत्तर त्याच पुस्तकात, लाल टोपीच्या गोष्टीत, दिलं आहे, आणि ते कोणत्याही पालकाला सोपं वाटणारं नाही.